दोनशे चार

टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीकसा स्क्रू असतो. झाकण उघडून प्लेचं बटण दाबलं की हेड पुढे सरकतं आणि छोट्या भोकातून तो स्क्रू दिसायला लागतो. घड्याळजीकडे असतो तसला स्क्रूड्रायव्हर त्यात घाला आणि हळूहळू फिरवा. मी सांगतोय म्हणून बिनधास्त फिरवा. डोळ्यांचं यात काही काम नाही, कान लावून ठेवा. आत्ता जी शिट्टी ऐकू येतेय ती उशीखाली दाबल्यासारखी आहे. स्क्रू पाव वळसा फिरला की तीच शिट्टी एकदम टोकदार होईल, दाताला लागेल इतकी. तिथेच थांबा.

तुम्ही अमरावतीत आहात, गाडगेनगरात, आपल्या घरात. मे महिना, दुपारचे अडीच. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अकोल्याचं जुनं घर पाडायला काढलंय. ताईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तिच्यात ही कॅसेट निघाली. ओळखीचं कुणी अमरावतीला येत होतं, त्याच्या पिशवीत तिनं ती घातली. मूर्तिजापूर, बडनेरा करत ती काल संध्याकाळी तुमच्या हातात आली. पेटीत ग्राफ पेपरही होते, ते ताईनं स्वतःकडे ठेवले.

कॅसेट अभंगांची आहे. कडेची दोन भोकं चिकटपट्टीनं बुजवलेली. ज्यांनी त्या काळी भरलेल्या कॅसेटवर काही नवं टेप केलंय, त्यांना त्या चिकटपट्टीचा अर्थ सांगावा लागणार नाही. सुरुवातीला टाळ-मृदंग वाजतो, अर्ध्या ओळीत गायकाचा आवाज तुटतो आणि शिट्टी सुरू होते.

आता टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घाला. ऑडॅसिटी उघडा. एकच चॅनेल ठेवा, सेकंदाला ४४,१०० नमुने. आवाज फार मोठा ठेवलात तर लाटांची डोकी कापली जातील, फार लहान ठेवलात तर टेपची खरखर त्यांना गिळून टाकेल. रेकॉर्ड झाल्यावर चित्र मोठं करून बघा. मजकुराच्या लाटा दोनच मापाच्या दिसतील, आखूड आणि त्याच्या दुप्पट लांब. आखूड म्हणजे शून्य, लांब म्हणजे एक. तुम्हाला कर्कश वाटणारी ती शिट्टी म्हणजे सलग लिहिलेला मजकूर आहे, आणि तो वाचायला एवढ्या दोन मापांपलीकडे काही लागत नाही.

वाचायचं काम एक छोटा प्रोग्रॅम करतो. लाट मधल्या रेषेला कुठे कुठे छेदते ते तो बघतो, दोन छेदांमधलं अंतर मोजतो आणि शून्य-एक लिहून काढतो. आठ जमले की एक बाइट. वीस सेकंदांच्या आवाजाची फाइल साडेसतरा लाख बाइटांची होती, तिच्यातून निघालेली टॅप नावाची फाइल दीड हजाराचीसुद्धा नाही. ही टॅप फाइल रचनेला इतकी साधी आहे की कागदावर काढून दाखवता येईल. प्रत्येक तुकड्याच्या आधी दोन बाइटांत त्याची लांबी, मग तो कसला तुकडा आहे त्याची खूण, मग मजकूर, आणि शेवटी ताळ्याचा एक बाइट. आधीचे सगळे बाइट एकमेकांवर ठराविक रीतीनं चढवले की जो उरतो, तो हा शेवटचा. जुळला नाही तर कुठेतरी एखादी लाट चुकीची मोजली गेली.

पहिल्यांदा तो जुळत नाही. दुसऱ्यांदाही नाही. स्क्रू पुन्हा केसभर फिरवा. ज्या टेपरेकॉर्डरवर ही शिट्टी भरली त्याचं हेड थोडं तिरकं होतं, आणि तुमच्या आजच्या टेपरेकॉर्डरला त्याच तिरकेपणानं उभं राहावं लागतंय. चौथ्या खेपेला ताळा जुळतो. पहिला तुकडा एकोणीस बाइटांचा निघतो, त्यात नावासाठी दहा अक्षरांची जागा. नाव आहे व्ही, ए, आर, एच, ए, डी. पुढच्या चार जागा मोकळ्या.

वऱ्हाड.

आता एमुलेटर. फ्यूज नावाचा फुकट मिळतो, तो चालेल. ही शिट्टी एका जुन्या संगणकाची, आणि एमुलेटर म्हणजे त्या मशीनचा फोटो नव्हे. झेड-८० नावाची जी चिप त्या मशीनमध्ये होती, तिला कळणारी प्रत्येक आज्ञा हा प्रोग्रॅम स्वतः पाळून दाखवतो. ती चिप सेकंदाला पस्तीस लाख ठोक्यांनी चालायची. तुमचा लॅपटॉप तिच्या कितीतरी पट वेगाचा, म्हणून इथे त्याला धावायचं नाही, थांबायचं शिकवलेलं आहे. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ६९,८८८ ठोके मोजायचे, पडद्याचं एक चित्र काढायचं आणि उरलेला वेळ गप्प बसायचं. मशीनच्या पोटातला १६ किलोबाइटांचा कायमचा मजकूरही एमुलेटरला लागतो. त्याचे हक्क ते मशीन मुळात काढणाऱ्या सिंक्लेअर कंपनीकडून १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेले, आणि एमुलेटरसोबत तो वाटायला अ‍ॅमस्ट्रॅडनं १९९९ मध्ये मोकळेपणानं परवानगी दिली. त्या परवानगीमुळे आज अमरावतीत बसून तुम्हाला हे करता येतंय.

टॅप फाइल सरळ आत टाकली तर क्षणात उघडेल. तसं करू नका. सेटिंगमध्ये जाऊन टेपचा खरा वेग आणि टेपचा आवाज चालू करा. जे दाबा, लोड हा अख्खा शब्द उमटेल. दोनदा अवतरणचिन्ह. एंटर. पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकायला लागतात, शिट्टी सुरू होते.

डोळे मिटा. पाच सेकंद पुरे.

*

आता मी तुम्हाला तू म्हणणार, कारण तू बारा वर्षांचा आहेस आणि या घरात तुला अहो-जाहो करणारं कुणी नाही.

अकोला, जठारपेठ. १९८९ चा मे. शनिवारची दुपार. खिडकीत कूलर, त्याच्या तिन्ही जाळ्यांना नवा वाळा लावलेला, आणि तो ओला वास खोलीभर पसरलाय. कूलरचा आवाज इतका मोठा आहे की बोलायचं म्हणजे ओरडायचं. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत टाकल्यात, त्यांची राखण तुझ्याकडे होती. तू ती सोडून खाली आलास, कारण ताईनं हाक मारली.

खाली सतरंजीवर टीव्ही उतरवून ठेवलाय. चौदा इंची, काळा-पांढरा. त्याच्या मागच्या अँटेनाच्या खाचेतून एक वायर निघून काळ्या प्लास्टिकच्या पेटीत शिरते. ही पेटी काकांनी पुण्याहून आणली, सुट्टीपुरती. वर डीबी स्पेक्ट्रम प्लस असं लिहिलंय. पुण्यातल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं इंग्लंडच्या मशीनचा परवाना घेऊन ती बाजारात आणली. ४८ किलोबाइटांची मेमरी. हात ठेवून बघ, उजवी बाजू तव्यासारखी तापलीय. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना तिला थंड ठेवायचं म्हणून ताईनं ती बरोबर कूलरच्या झोताखाली ठेवलीय. हे लक्षात ठेव, पुढे याच झोतानं घात होणार आहे.

ताई अकरावीत. काकांनी सोबत दोन कॅसेटभर खेळ दिले होते, ते पहिल्या चार दिवसांत खेळून झाले. मग तिनं पेटीसोबतचं पुस्तक उघडलं आणि एका पानावर थांबली. या मशीनमध्ये एकवीस अक्षरं मोकळी ठेवलेली आहेत, ए पासून यू पर्यंत. त्यांचा आकार आपण ठरवायचा. प्रत्येकाला आठ बाय आठ घरं. ज्या घरात पेन्सिल फिरवली ते काळं, बाकीची कोरी.

"आठ गुणिले आठ," ती म्हणाली होती, "म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर मराठी लिवायची."

तेव्हापासून तिच्यापुढे ग्राफ पेपर आहे. जवळ जाऊन बघ. तिनं आठ घरांची चौकट आखलीय आणि वर डोक्याशी बारीक आकडे लिहिलेत, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. एका आडव्या ओळीत जी घरं काळी, त्यांच्या डोक्यावरचे आकडे बेरजेला घ्यायचे. अशा आठ ओळी, आठ बेरजा, एक अक्षर. सगळ्यांत वरची ओळ अख्खी काळी. ती शिरोरेघ, तिची बेरीज २५५.

व सोपा गेला. ड ला दोनदा खोडावं लागलं. मधला कसोटी बघत होता.

वऱ्हाडातला तो ऱ्ह. ताईनं पाच चौकटी वाया घालवल्यात त्याच्यावर, रबरानं कागद पातळ झालाय. "सर्व लिवतो ना आपण," ती तुला समजावून सांगते, "त्याच्यात र डोक्यावर जाऊन बसते. रफार. पण वऱ्हाडात तो डोक्यावर नाही जात, बाजूले उभा राह्यते, असा वाकून." ती हवेत बोटानं पापणीसारखी रेघ काढते. "हा जर डोक्यावर चढवला तर ते वर्हाड होईन. तसं कोन म्हनते का?"

तू मान हलवतोस. तसं कोणीच म्हणत नाही.

आठ घरांत ह च मावेना, त्याच्या डावीकडे ही पापणी कुठे बसवणार? शेवटी तिनं ह बारीक केला, उजवीकडे सरकवला, आणि पाचव्या ओळीत डावीकडची दोन घरं काळी केली. मग दोन कोरी. मग ह च्या पोटाची दोन काळी. मग पुन्हा दोन कोरी. १२८ आणि ६४ आणि ८ आणि ४. दोनशे चार. त्या मधल्या दोन कोऱ्या घरांमुळे पापणी ह ला चिकटत नाही, आणि तेवढ्यानं डोळ्याला ऱ्ह दिसतो. तिनं कागद लांब धरून बघितला, डोळे बारीक केले आणि हसली. मी या प्रवासात तुला इथे आणलं ते हे हसू बघायला.

अजून एक अक्षर आहे, आणि ते अक्षर नाही. आईचं माहेर वरुडचं, मामांच्या बागेत संत्री. शब्दाच्या खाली ताईला संत्रं काढायचंय. मशीनमध्ये रंग आठ: काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. संत्र्याचा रंगच नाही. ताईनं चित्रकलेच्या तासातली युक्ती काढली. एक चौकट पटासारखी रंगवली, एक घर काळं, एक कोरं. बेरजा १७० आणि ८५, आलटून पालटून. काळ्या घरांना लाल, कोऱ्या घरांना पिवळा. घरं इतकी बारीक की दुरून दोन्ही रंग एक होतील. होतील का? ते बघायला रंगीत टीव्ही लागतो. या पडद्यावर लालही राखाडी आणि पिवळाही राखाडी. तिनं केवळ आकड्यांवर भरवसा ठेवून तो रंग ठरवलाय, स्वतः कधीच न बघता.

आता काम सुरू. ती टाइप करणार, तू वाचणार. पाच चौकटी, चाळीस आकडे. तू मोठ्यानं वाचतोस, ती टाइप करते, आणि पहिल्या फेरीत सगळं नीट जातं. पडद्यावर व उमटतो, त्याच्याशेजारी ऱ्ह, काना, ड. आजी दारात येऊन उभी राहते.

"माय वो," ती म्हणते, "टीवीत वऱ्हाड लिवून येऊन राह्यलं?"

आणि लाइन जाते.

कूलरचं पातं गुरगुरत थांबतं. पडदा एका ठिपक्यात मिटतो. एवढी शांतता होते की गच्चीवर कावळे कुरडयांवर बसलेले ऐकू येतात. मशीनला आठवण ठेवायला वीज लागते. वीज नाही, तर काही नाही. ताई अजून टेपवर उतरवणार होती.

पाऊण तासानं लाइन येते. दुसरी फेरी घाईची, कारण संध्याकाळी बाबांना बातम्या पाहिजेत आणि उद्या सकाळी महाभारत. उद्या सकाळी या टीव्हीला हात लावायची कुणाची छाती नाही. शेजारची तीन घरं इथे येऊन बसतात. तू भराभरा वाचतोस. आता कूलर नव्या पाण्यानं भरलाय आणि दुप्पट घरघरतोय.

"दोनशे चार!" तू ओरडतोस.

शब्दाचं शेपूट कूलरच्या झोतात जातं. ताईच्या बोटांकडे बघ. दोन. चार. शून्य.

दोनशे चाळीस.

तू कागदाकडे बघतोयस, पडद्याकडे नाही. तुला दिसत नाही. मला दिसतंय, पण मी इथे काही करू शकत नाही. २४० म्हणजे पहिली चार घरं सलग काळी आणि पुढची चार कोरी. पापणी ह च्या पोटात घुसून एक जाड रेघ झाली.

"ह थोडा जाडा दिसून राह्यला का रे?" ताई पडद्याशी नाक लावून विचारते.

"टीवीच खराब आहे," तू म्हणतोस.

बाहेर बाबांच्या लूनाचा आवाज. आता वेळ नाही. ताई अभंगांची कॅसेट घालते, चिकटपट्टी दाबून बघते. सेव्ह, मग नाव. पडद्यावर इंग्रजीत सूचना येते, टेप चालू करा आणि कोणतंही बटण दाबा. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायचं काम तुझं. तू दाबतोस. पडद्याच्या कडेला राखाडी पट्टे धावतात. मग टेप मागे घेऊन व्हेरिफाय, म्हणजे टेपवर गेलेलं आणि मेमरीतलं ताडून बघायचं. ओके. एक बाइट इकडचा तिकडे नाही. २४० सुद्धा जागच्या जागी.

बाबा चपला काढताहेत. "झालं का तुमचं? कितीक वेळ चालू ठेवता ते, पिक्चर ट्यूब जळून जाईन."

जूनमध्ये काका येऊन पेटी घेऊन जातात.

*

पुन्हा डोळे उघडाल तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांचे असाल. आता अहो-जाहो, कारण तुमच्या डीटीपीच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तुम्हाला भाऊ म्हणतं. अमरावती, राजकमल चौकाच्या जवळ, २००३. इथे फार वेळ थांबायचं नाही, एकच गोष्ट दाखवायची आहे.

लग्नसराई. टेबलावर पत्रिकांच्या प्रुफांचा ढीग, पेजमेकर उघडा, बटर पेपरवर प्रिंट निघतोय आणि प्रेसचा माणूस दारात उभा. तुमची बोटं सेकंदाला चार-पाच अक्षरं पाडतात. पडद्यावर मराठी आहे, फाइलमध्ये मात्र मराठी नाही. कृतिदेव फाँट काढून दुसरा लावून बघा. 'मराठी' या शब्दाच्या जागी इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच दिसतील. ताईनं जे एकवीस अक्षरांचं केलं होतं तेच इथे मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी आकार बसवलाय. म्हणून अकोल्याच्या प्रेसला फ्लॉपी पाठवताना फाँटही सोबत टाकावा लागतो, नाहीतर तिकडे नवरदेवाच्या नावाचा चिखल होतो. प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. श्री-लिपीत केलेलं काम आकृतीत उघडत नाही.

या वर्षी तुम्ही एका गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका करताय. चौसष्ट पानं. पन्नास वर्षांचे हेडमास्तर, विहिरीसाठी जमीन देणारे, मैदानासाठी श्रमदान करणारे. ही माणसं दुसऱ्या कुठल्या कागदावर नाहीत. छापून झाल्यावर फाइल सीडीवर उतरवून तुम्ही कपाटात ठेवता. ठेवलीत ते फार बरं केलंत.

*

परत गाडगेनगर. शिट्टी अजून वाजतेय, पण बदललीय. पट्टे निळे-पिवळे झालेत, म्हणजे मजकूर उतरतोय. एमुलेटर इथे तुमच्या आठवणीच्या पुढे जातोय, ते नीट बघा. १९८९ साली तुम्ही हे पट्टे राखाडी बघितले होते. लाल, आकाशी, निळा, पिवळा हे रंग टेपनं तेव्हाही मागितले होते, दाखवणारा टीव्ही तुमच्याकडे नव्हता.

तोवर त्या स्मरणिकेचं सांगतो. मागच्या वर्षी शाळेनं ती संगणकावर शोधता येईल अशी मागितली. तुम्ही सीडी काढली, मजकूर एका कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेला. तीन सेकंदांत चौसष्ट पानं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती कन्व्हर्टरनं उचलून अक्षरानंतर ठेवली. रफार उलट, नंतरचा आधी नेला. सगळं मराठी झालं. पहिलंच पान वाचलंत आणि खुर्चीत ताठ झालात. वर्हाड. पुढे शेतकर्यांच्या. दुसर्या. पायर्या. ताईच्या हवेतल्या बोटाची तुम्हाला आठवण झाली.

जुन्या फाँटात ती पापणी हा एक नुसता आकार होता, टाइप करणाऱ्यानं ह च्या आधी ठेवून दिला की काम झालं. युनिकोडला मात्र आकार नको, अक्षर पाहिजे. र, हलन्त आणि ह असं दिलंत की तो नियमाप्रमाणे रफार करतो. वऱ्हाडाला लागणारा ऱ निराळा आहे, यू प्लस ०९३१ या घरात राहणारा, पोटाखाली ठिपका असलेला. शिवाय र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशी दुसरी रीतही चालते. दोन्ही डोळ्यांना सारख्याच, पण शोधायला गेलं की एक सापडते आणि दुसरी हातातून निसटते. तुमच्या कन्व्हर्टरला यातलं काहीच शिकवलेलं नव्हतं.

बदला सगळे एकदम, असं कुणी म्हणेल. नाही बदलता येत. सूर्य आणि कार्य यांना रफारच पाहिजे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. स्मरणिकेत दोघंही होते, आचार्यही आणि पंगतीचे आचारीही. तुम्ही चौसष्टच्या चौसष्ट पानं डोळ्यांनी वाचलीत, एकेक पापणी हातानं बसवलीत. सतरा रात्री गेल्या. मला ते काम फार मोठं वाटतं, आणि ते तुम्ही कुणाला सांगितलंही नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी प्रेसच्या कपाटांत अशा सीड्या पडून आहेत आणि त्यांचे ऑपरेटर आता पन्नाशीच्या पुढे गेलेत. कुठल्या फाइलला कुठला फाँट, हे फक्त त्यांना ठाऊक आहे. त्यांना गाठून विचारायला हवं, आणि याच वर्षी विचारायला हवं.

कॅसेटचंही तसंच. या मशीनचे इंग्रजी खेळ हजारोंनी जपले गेलेत. हॉलंडमधल्या खेर्टन लुंटर यांच्या एमुलेटरनं टॅप फाइल रूढ केली, स्लोव्हेनियाच्या तोमाझ काट्स यांनी १९९७ मध्ये टीझेडएक्स नावाची तिच्याहून बारकाव्याची रचना केली. जगभरच्या लोकांनी रात्री जागवून टेपा उतरवल्या. पण त्या भांडारात अकोल्याच्या पोरीनं कूलरच्या झोतात लिहिलेलं वऱ्हाड कोण ठेवणार? त्याची एकच प्रत होती, माळ्यावरच्या पेटीत, आणि घर पुढच्या महिन्यात पडणार होतं.

शिट्टी थांबली.

पडद्यावर व. मग तो जाडजूड, मिटलेल्या पापणीचा ऱ्ह. काना. ड. खाली पट उमटतो, लाल-पिवळी बारीक घरं. आता सेटिंगमध्ये जाऊन जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवायची सोय चालू करा. कडा विरघळतात. लाल आणि पिवळं एकमेकांत शिरतं.

संत्रं. वरुडच्या मामांच्या बागेतलं, मार्चच्या शेवटी उतरवतात तसं पिकलेलं.

फोटो काढून ताईला पाठवा. एक मिनिट नाही होत तोच फोन येतो. पलीकडे घरघर आहे, तिच्या खोलीतही कूलर चालू आहे.

"काऊन रे," ती म्हणते, "तो ऱ्ह असा कसा झाला? मी असा नव्हता काढला."

"तू काढलेला कागद आहे ना तुझ्याकडे?"

कागद उलगडल्याचा आवाज येतो. जपून, घड्यांवर फाटू नये म्हणून. तुम्ही एमुलेटरमध्ये ती ओळ खाली आणता. डेटा, आणि पुढे आठ आकडे. जुनी फाइल तशीच राहू द्या, ही वेगळ्या नावानं सेव्ह करायची. कर्सर पाचव्या आकड्यावर न्या. दोनशे चाळीस पुसा.

"वाच," तुम्ही म्हणता. "मी टाइप करतो."

"दोनशे चार," ताई फोनवर ओरडते. "चार! चाळीस नाही."

दोन. शून्य. चार. एंटर.